मामांची तोफ आणि मामींचा दात

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात एकही सोपं काम सोप्या पद्धतीनं केलेलं नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगायला तयार आहे, कारण त्यांना ते कौतुकच वाटेल. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात ते टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड फिरवून कातायचं आणि मापात आणायचं. रिटायर होऊन सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायला आले, पण लेथ काही डोक्यातून उतरला नाही. चहाच्या गाळणीची दांडी तुटली तेव्हा चार पावलांवरच्या दुकानातून नवी गाळणी आणायची सोडून त्यांनी पितळेची दांडी कातून आणली. आता त्या घरात चहा गाळायला दोन माणसं लागतात. कातताना माप गाठायच्या आधी थोडं जास्त ठेवायचं, हा टर्नर लोकांचा नियम. "मटेरियल ठेवायचं, जावईबापू. कमी करायला कितीसा वेळ लागतोय? पर एकदा कापलं की वाढवता येत न्हाय." हा नियम मामा जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावतात. विजार चार बोटं लांब शिवतात आणि दुमडून घालतात. दहाच्या गाडीला साडेसातला स्टेशनवर हजर. केस कापणाऱ्याला "जरा जास्तच ठेव" म्हणून बजावतात आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच्याकडे जाऊन बसतात. शिवाय मशीनच्या खडखडाटात उभी हयात गेल्यामुळे त्यांचा आवाज असा, की त्यांनी कानात सांगितलेलं गुपित चौकापर्यंत जातं.

असा हा माणूस एका दातासाठी झुरत होता. दात मामींचा. मामींच्या पुढच्या दोन दातांतला एक जरा दुसऱ्याच्या अंगावर रेललेला आहे. मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांची बशी देताना मामींना कशानं तरी हसू फुटलं, तो दात दिसला, आणि मामांनी तिथल्या तिथं होकार दिला. "मी पसंत केला तो दात. बाकीची बाई त्याच्यासंगं आली," असं ते मामींसमोर सांगतात आणि मामी "इश्श, काय बाई हे बोलणं!" म्हणत पदर तोंडाला लावतात. तो पदर हीच अडचण. लहानपणी कुणा फोटोवाल्यानं "दात झाक, पोरी" म्हटलं होतं, तेव्हापासून कॅमेरा दिसला की मामींचा पदर वर जातो. घरातल्या सगळ्या अल्बमांत मामी आहेत, पण नाकापासून वर. बारशात, मुंजीत, आमच्या लग्नात, सगळीकडे दोन डोळे आणि खाली काठपदर. मामांना मरायच्या आधी मामींचा हसतानाचा, दातासकट, एक फोटो हवा होता. बस्स, एवढंच.

दुसऱ्या कुणीही मोबाईल काढून गुपचूप टिपला असता. मामांनी लांबून फोटो काढायची लेन्स शोधली. पेठेतला एक जुना स्टुडिओ बंद होत होता. तिथल्या चाचांकडे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याची, त्यांच्या वडिलांच्या काळातली एक दांडगी लेन्स पडून होती. मामांच्या हातात ती देताना चाचा म्हणाले, "लेके जाव मामू. चोर आया तो बी उठाके ले जाने का नै, इत्ता वजन हे." कॅमेरा माझा, डिजिटल, तळहाताएवढा, मी तो मामांना भेट दिला आणि तिथंच फसलो. दोघांना जोडायला मध्ये एक कडं लागतं. ते तयार मिळतं, हे मी मोबाईलवर दाखवलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना विकतची पुरणपोळी वाढली होती. ते एमआयडीसीत एका जुन्या सोबत्याच्या लेथवर गेले आणि दोन दिवसांनी अॅल्युमिनियमचं कडं घेऊन आले. आता चित्र असं, की कॅमेऱ्याला लेन्स लावलेली नसून लेन्सला कॅमेरा चिकटलेला आहे. चालू केल्यावर पडद्यावर अक्षरं आली: लेन्स जोडलेली नाही. मामा भडकले. "साडेतीन किलोची लेन्स जोडल्याली दिसंना व्हय रं तुला?" असं त्यांनी त्या कॅमेऱ्याला विचारलं.

त्या लेन्सचं चित्र एवढं मोठं, की छोट्या कॅमेऱ्यात त्याचा जेमतेम मधला तुकडा मावतो. मामांना त्याचं दुःख नव्हतं. "कलिंगडाचा मधला गर आपल्याला, कडंचं सोडून द्यायचं," म्हणाले. खरा घोटाळा कड्यात होता. मामांनी सवयीनं त्यात मटेरियल ठेवलं होतं, पाच-सहा मिलिमीटर. तेवढ्यानं लेन्स पुढं सरकली आणि पन्नास फुटांपलीकडचं काहीही स्पष्ट दिसेना. मी म्हटलं, "मामा, घासून घ्या की मग." ते म्हणाले, "घासू की. कितीसा वेळ लागतोय?" याला सहा वर्षं झाली.

आणि मोर्चा लावला कुठं? तर समोरच्या गल्लीतल्या एका ओळखीच्यांच्या गच्चीवर, मामींच्या गच्चीपासून साठ फुटांवर! ती तोफ साध्या स्टँडवर ठरेना, म्हणून शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर बसवली. फोटो काढायचा विधी असा: आधी लेन्सचं भोक पूर्ण उघडायचं, मग लेन्सवरचं कडं फिरवून नेम धरायचा, मग भोक बारीक करायचं, मग अंधारलेल्या पडद्यात माणूस अजून आहे का ते बघायचं, मग श्वास रोखून बटण. चार मिनिटं. तेवढ्यात मामी शेंगा वाळत घालून खालीही जायच्या. चार मिनिटं जागेवर थांबणाऱ्या गोष्टींचे मात्र मामांकडे भरपूर फोटो आहेत. पेठेतली एकही पाण्याची टाकी सुटलेली नाही.

हे सगळं मामींच्या नकळत चाललंय, अशी मामांची समजूत होती. एकदा मी जेवायला बसलो असताना मामींनी भाकरी वाढता वाढता मला सांगितलं, "जावईबापू, तेवढं त्यांना सांगा, उन्हात टोपी घालून बसा म्हणावं. तितनं वरडतेत, 'आली, आली', सगळी पेठ बघती. मी बी मग थांबते की दोन मिनिटं. पर दात काय मी दावायची न्हाय."

अशी पाच वर्षं गेली आणि गेल्या वर्षी साखरेनं मामांच्या डोळ्यांचा पडदा धरला. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. मामा बाहेर येऊन मला म्हणाले, "त्यांनी बी थोडं मटेरियल ठेवलंय बघा." मी हसलो. त्यानंतर मामा रोज गच्चीवर जाऊ लागले. आता घाई होती.

मागच्या संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मीही सोबत होतो. मामी गच्चीवर तीळ वाळवत उभ्या होत्या. मामांनी भोक उघडलं, कडं फिरवलं, डोळा लावला, आणि बराच वेळ बघून मला त्यांच्या त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "आज लई छान उभी हाय. जरासुदिक हलंना. थोडी जाड झाली, पर शोभतंय." मी वाकून पाहिलं. तोफ मामींच्या शेजारच्या काळ्या पाण्याच्या टाकीवर रोखलेली होती.

पलीकडे मामींना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी टाकीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि त्या हसल्या. हातात तिळाचं सूप, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात अडकलेले. तोंड उघडून, डोळे मिटून हसल्या. मी तोफेचं तोंड चार बोटं सरकवलं आणि ओरडलो, "मामा, दाबा!" त्यांनी दाबलं.

फोटो पुसट आला. साठ फुटांवरून दुसरं काय येणार? हसणं दिसतं, पण तोंडाच्या जागी नुसता पांढरा उजेड. मामींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो लावा भिंतीवर. ह्यात दात दिसत न्हाय." मी फ्रेम करून आणली. मामांनी ती मांडीवर घेतली, डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, आणि मला विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. दात आलाय का?"

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या.

"आलाय की. चांगला ठसठशीत आलाय," त्या म्हणाल्या.

मामांनी काचेवरून बोट फिरवलं. "हितं?"

मामींनी त्यांचं बोट धरलं, थोडं डावीकडं सरकवलं, आणि म्हणाल्या, "हितं."