एरियल झालेलं बोट

आवाज साफ यावा म्हणून मी रेडिओची एरियल ओढली आणि ती मोडली. मोबाइलवरचा रेडिओ अडखळला, की तीच संध्याकाळ आठवते. गोदावरीला पूर आला होता आणि ताईचं सासर गंगाखेडला, नदीकाठी. एरियलच्या थोटकाला बोट लावलं की बातम्या ऐकू यायच्या, म्हणून मी बोट लावून उभा राहिलो. ‘गंगाखेड’ ऐकलं, भीतीनं बोट थरथरलं आणि पुढचं सगळं खरखरीत गेलं. मोबाइलवर अडलेलं वाक्य थांबून का होईना, येतं. तेव्हा गेलेलं गेलंच. आई रात्रभर दाराकडं बघत बसली.

सकाळी ताईच एसटीनं आली. सगळं ऐकून म्हणाली, “पाणी आमच्या पायरीला बी लागलं न्हाई. ह्या येड्यानंच तुमाला रातभर बुडवलं.”