कागदावरचं कुंकू

अमरावतीच्या कापूसबाजारात आमची दोन दुकानं एकाच ओट्यावर होती. शेजारी गोणपाट विकायचा, मी सुतळी. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला आणि इथला भाव असा चढला की दोघांच्याही हाती पैसा खेळू लागला. मी जरीचं पागोटं घेतलं, खिल्लारी बैलजोडी घेतली. त्यानं काय घ्यावं? सरकारचा कागद! सत्तावनचं बंड मोडताना सरकार कर्जात बुडालं होतं आणि आता लोकांकडून पैसे घेऊन कागद देत होतं. दर सहा महिन्यांनी व्याज.

"सरकारले कोनी उधार देते का, बाप्पा?" म्हणत मी बाजारभर हसलो. पण तो व्याज आणायला खजिन्यात गेला की कारकून त्याला सतरंजीवर बसवतो, हे कानावर आलं आणि माझं हसू आटलं. त्याच कचेरीच्या अंगणात मी दोन तास उन्हात उभा राहिलो होतो. खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट झाला. बैलांकडे बघवेना.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यानं वह्यांशेजारी तो कागद मांडला. वयानं मी मोठा, म्हणून कुंकू वाहायचा मान मला दिला. वह्यांवर मी चिमटीनं वाहिलं. कागदापाशी मात्र अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि नेमका साहेबाच्या सहीवर दाबला.

"जास्तच झालं गड्या," मी म्हणालो.

"होऊ दे. लक्ष्मीच हाय ते," तो म्हणाला.

पुढच्या व्याजाची वेळ येण्याआधीच लढाई संपली आणि भाव कोसळला. कापसाच्या गाड्या येईनात. त्याच्या दुकानात गोणपाटाच्या थप्प्या पडून आणि तो माल उधार देणारा अकोल्याचा व्यापारी पैशासाठी दारात. कागद विकला तरच दुकान राहणार होतं. खजिन्यातून तो उतरल्या तोंडानं परतला. सही दिसत नव्हती. डाग पडण्याआधी कागद पाहिलेला साक्षीदार आणा, असं कारकुनानं सांगितलं होतं.

"तू पाह्यला होता ना? चाल संगं," तो म्हणाला.

नाही म्हटलं असतं तर सगळा ओटा माझाच झाला असता. वाटभर माझ्या मनात तेच घोळत होतं. तरी कचेरीत मी खरं ते सांगितलं, की कागद हाच. कारकुनानं वर पाहिलं.

"आणि हा अंगठा कोणाचा?"

मी अंगठा मुठीत लपवला.

"माह्याच, साहेब," शेजारी म्हणाला.

कारकुनानं त्याला चार माणसांत झाडलं, पण कागद ठेवून घेऊन पैसे मोजून दिले. दुकान वाचलं.

परतताना मी विचारलं, "काहून खोटं बोलला?"

"मले दिवाळीलेच समजलं होतं," तो म्हणाला आणि चालत राहिला.

मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण उशिरा. आधी मनात आलं ते हे, की मेला यातही माझ्या पुढं गेला.