फर्नला बोरचं पाणी

शकुनकाकू आमच्या शेजारची. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी बाई. तिच्या हट्टाची मला फार चीड यायची. आता येत नाही.

आमचं गाव अकोटच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. बोरचं पाणी खारट, नळ दहा-दहा दिवसांनी. काकूच्या नवऱ्याच्या, रामरावकाकांच्या, किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी आधी पाण्याचीच चौकशी केली. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस, आणि परतल्यावर तापलेल्या टिनाच्या छपराखाली नुसती तगमग. अंगणातल्या कडुलिंबाखाली काही हिरवं असतं तर तिथंच पडून राहिलो असतो, असं काका एकदा बोलून गेले. झालं. काकूनं दुसऱ्याच दिवशी अकोटची एसटी धरली, मला सोबत घेऊन.

नर्सरीवाल्या नियाजनं सावलीत काय तगेल ते समजावलं : अळू, मनीप्लांट, स्नेक प्लांट. काकूचा डोळा मात्र फर्नवर. पाणी बोरचं असेल तर फर्न नेऊ नका, तो म्हणाला. काकूनं बेधडक सांगितलं, नळाचं आहे. मी गप्प बसलो, ही माझीही चूकच.

झाडाखाली बाज टाकली, भोवती कुंड्या मांडल्या. पंधरा दिवस काका खरंच सुखानं झोपले. मग फर्नच्या कडा करपू लागल्या. काकूनं शेणखत घातलं, कुंड्यांच्या जागा बदलल्या. पाणी मात्र बोरचंच. गोड्या पाण्याचा कॅन आठवड्याला एकच यायचा, त्याला हात लावायला ती धजेना. महिन्याभरात एकच फर्न उरलं. त्याच्याशी ती पाया पडल्यासारखी बोलायची, जग रे बाबा, यांच्यासाठी तरी जग. मला ते बघवत नव्हतं.

एका दुपारी ती तांब्या ओतायला वाकली, तर काकांनी हात धरला. मातीवर पांढरा थर आला होता. तो त्यांनी नखानं खरवडला.

"हे कोनतं पानी?"

"बोरचं. कॅनचं तुमच्या पेन्यापुरतंच हाय."

काकांनी एक करपलेलं पान बोटांत चुरलं.

"अन् तू कोनतं पेऊन राहिली?"

काकूनं तांब्या खाली ठेवला.

"तेच. लग्न होऊन आली तवापासून."