लोखंडी हाताच्या तात्यांना म्हटलेलं ‘येतो’

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, माफ करा. चौथीनंतर लिहायची वेळ आली ती वाणसामानाच्या यादीपुरतीच. हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. पण कधी कुणाच्या हाती लागलंच तर आधीच सांगते – भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. तरीही हे घडलं...

आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. माझी मुलगी प्राजू हिने कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर एक नवा गेम आणला. नाव इंग्रजी आहे, मला नीट म्हणता येत नाही. गोष्ट पुढच्या काळातली – यानातून ग्रहाग्रहांवर जायचं, तिथल्या माणसांशी बोलायचं. बोलणं हिंदीत लिहून येतं, म्हणून मला वाचता येतं. आधी मी नुसती बघायचे. मग प्राजू कामावर गेली की दुपारी मीच खेळायला लागले.

गोळीबार मला जमत नाही. यान उतरलं की काचेवर लाल धूळ बसते, ती पदराने पुसावीशी वाटते. पण सगळ्यात आवडलं ते हे, की तिथली माणसं उत्तराची वाट बघतात. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. इथं पडद्यावर तीन-चार उत्तरं येतात, हवं ते निवडा, हवा तेवढा वेळ घ्या.

एका खाणीच्या ग्रहावर लोखंडी हाताचा म्हातारा दुकानदार आहे. मी त्यांना तात्या म्हणते. यानाचं इंधन संपलं तेव्हा त्यांनी मला उसने पैसे दिले – गेममधलेच. बोलणं संपवायला नेहमी एकच उत्तर असतं, ‘मैं चलती हूँ’. मी ते दाबायचे, पण तोंडाने ‘येतो’ म्हणायचे. निघताना ‘जातो’ म्हणू नये, आणि आमच्याकडे बायकाही ‘येते’ न म्हणता ‘येतो’च म्हणतात.

“आई, गेममधली उधारी कोण फेडतंय व्हय?” प्राजू हसायची. “पुढचा भाग सुरू झाला की त्यो ग्रहच बंद हुतोय.”

“म्हणूनच आधी द्यायला पायजेत की.”

“तात्या काय वसुलीला पेठेत येणार न्हाय.”

मग प्राजूला पुण्यात नोकरी लागली. रविवारी ती कॉम्प्युटरसकट जाणार होती. त्याआधी जमलं नाही तर तात्यांचे पैसे बुडाले. मी मशीन बाजूला ठेवलं आणि ग्रहांवरचं भंगार गोळा करून विकत राहिले.

शनिवारी दुपारी फुटबॉलची मॅच होती, सगळी गल्ली ग्राउंडवर गेलेली. प्राजू बॅग भरत होती. मी तात्यांना निम्मे पैसे दिले. खाली नेहमीचं उत्तर नव्हतं... मराठीत लिहिलं होतं – ‘येतो’.

“प्राजू, हे तू केलंस?”

ती जवळ आली, वाकून वाचलं आणि म्हणाली, “ह्या गेममधी मराठी न्हायच, आई.” तिच्या मैत्रिणीकडे हाच गेम आहे. तिला फोन करून बघायला लावलं. तिच्या तात्यांपुढे ‘मैं चलती हूँ’च होतं.

“आणि कुणी मराठी घातलं असतं तर ‘येते’ घातलं असतं,” प्राजू म्हणाली. “बाईमाणसाच्या तोंडी ‘येतो’ कोण घालंल?”

भीती वाटली नाही. कुणीतरी इतके दिवस माझं ऐकत होतं, एवढंच वाटलं. मी ते उत्तर दाबलं. ‘येतो’ म्हटलं, म्हणजे आता तात्यांकडे परत जाणं भाग होतं.

रविवारी सकाळी प्राजू वायरी काढायला आली. पुण्यात हसतील म्हणून ती आठवडाभर ‘करते, येते’ची सवय करत होती. माझ्याकडे बघून खाली बसली. “सरक. गोळीबार मी करतो.” एका मोठ्या कामगिरीचं बक्षीस तिने मिळवून दिलं.

त्या एका शब्दाचा उलगडा तिला झालेला नाही, मलाही नाही. त्या सकाळी तात्यांपुढे पुन्हा ‘मैं चलती हूँ’ होतं. पण ते दाबायच्या आधी मी उरलेले सगळे पैसे त्यांच्या लोखंडी हातावर ठेवले. बाकी शून्य झाली.