विहिरीत लागलेले खांब

जिवतीच्या माळावर आमची कोरडवाहू शेती. विहीर नव्हती, म्हणून आई उताराखालच्या झऱ्यावरून पाणी आणायची. गुडघे गेले तरी आणायची. यंदा कापूस निघाल्यावर वडिलांनी विहीर खणायला घेतली, आणि पुरुषभर खोलीवर काळ्या दगडाचे खांब लागले. एकमेकांना चिकटून उभे, सहा कोनांचे, कुणी घडवून ठेवल्यासारखे. देऊळ गाडलेलं असणार, म्हणून वडिलांनी काम थांबवलं.

आमच्याकडे पडक्या देवळाचा दगड कुणी घराला लावत नाही, फोडणं तर दूरच. वडिलांनी खड्ड्याच्या काठाला शेंदूर लावला, नारळ ठेवला. आईने पुन्हा पाण्याचा पितळी गुंड उचलला.

मी कोरपन्याला शाळेत भूगोल शिकवते. हा तर माझाच विषय, म्हणत तोऱ्यात गावी आले.

"बाबा, हे देऊळ नाई. ज्वालामुखीचा रस आहे, निवलेला."

जमिनीच्या पोटात खोलवर दगडही वितळतो, हलका होऊन वर चढतो आणि वाट मिळाली की बाहेर पडतो, हे मी समजावलं. इथे डोंगराचं तोंड फुटलं नव्हतं. जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि रस थरावर थर पसरत गेला. निवताना तो आकसला आणि तडकला, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तसा. म्हणून हे कोन. वडील मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, पटलं यांना.

"म्हंजे खाली आग हाये?"

"होती."

"माणसं मेली असतीन."

"तेव्हा माणसंच नव्हती, बाबा."

इथे थांबायला हवं होतं, पण शिकवायची खोड. आज जिथे ज्वालामुखी जागे आहेत तिथे रसापेक्षा राख आणि विषारी वायूच जास्त जीव घेतात, राखेच्या ओझ्याने छपरं बसतात, तापलेला चिखल गावावरून वाहत जातो, हेही सांगून बसले. ऐकता ऐकता आईने गुंड खाली ठेवला.

"मंग फोडू नका," ती म्हणाली. "देव असता तं हात जोडून मागितलं असतं. आगीले काय मागावं?"

देव काढायला गेले आणि आग बसवून आले. ती आग केव्हाच मागे राहिली, आपली जमीन तिच्यावरून सरकत दूर आली, असं मी घाईने सांगितलं.

"जमीन सरकून राह्यली?" वडिलांनी विचारलं, आणि बसल्या जागी दोन्ही तळहात मातीवर टेकवले.

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मी तरी ज्वालामुखी कुठे पाहिलाय? दरवर्षी फळ्यावर लाल खडूने काढते तेवढाच.

"तुले खातरी हाये?" वडील म्हणाले.

"आहे."

"मंग पयला घाव तू घाल."

शिडीने उतरले. खांबाला हात लावला, तो गार होता. लोखंडी सब्बल, आमची पहार, उचलली आणि परत खाली ठेवली. हात आपसूक जोडले गेले. कुणाला, ते मला अजून कळलेलं नाही. देव नाही हे ठाऊक होतं, आग नाही हेही ठाऊक होतं. मग डोळे मिटून घाव घातला. खडा तेवढा उडाला.

"झालं," वडील वरून मजुरांना म्हणाले. "आता फोडा."

पाणी लागलं ते ऐन थंडीत. पहाटे काढलेल्या पहिल्या बादलीतून वाफा निघत होत्या. थंडीत विहिरीचं पाणी कोमटच लागतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तरी वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी, भूगोलाची बाई, काठावरून वाकून खाली पाहू लागले.

आईने आम्हा दोघांना बाजूला सारलं. दगडावर बसली आणि ते पाणी तांब्याने गुडघ्यांवर ओतू लागली.

"आग असन तं असू द्या," ती म्हणाली. "बरं वाटून राह्यलं."