चव्वेचाळीस दात्यांसाठी समुद्रपूर ते हिंगणघाट

ही सहल कुणी सहल म्हणणार नाही. समुद्रपूरहून हिंगणघाटला सायकलने जायचं, एक दातेरी चकती विकत घ्यायची आणि परत यायचं. पण सायकलवर वर्धा जिल्हा बघायचा आहे म्हणून मला जे विचारतात, त्यांना मी याच रस्त्याबद्दल सांगते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी समुद्रपूरला नर्स होते, तेवीस वर्षांची. माझ्याकडे सहा गावं होती. पाच सपाटीवर आणि सहावी गिरडच्या बाजूला, टेकडीवरची एक वस्ती. तिथे गोंड कुटुंबं राहत. सायकल मोठ्या भावाची, दांड्याची, गिअर वगैरे काही नाही. साडीत ती चालवता येईना म्हणून मी पांढरा पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता. आरोग्य केंद्रातल्या आमच्या साहेबांची माझ्याविरुद्धची पहिली तक्रार तीच.

दुसरी तक्रार जानेवारीत झाली, आणि ती खरी होती. लस बर्फाच्या थर्मासात न्यायची असते. टेकडीच्या चढावर माझी चेन घसरू लागली. जोर लावला की कटकन आवाज येई आणि पायडल रिकामं फिरे. दोन किलोमीटर सायकल ढकलत वर पोचले तेव्हा थर्मासात नुसतं पाणी होतं. लस फेकावी लागली. बाया मजुरी सोडून लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यांना गोळा करणाऱ्या सगुणाबाई मडावी मला म्हणाल्या, "बाई, पुढच्या खेपेले याहीले बोलवाले मले तोंड नाई राह्यलं."

साहेबांना कळलंच. "पुढच्या खेपेच्या बुधवारी बाराच्या आत पोचल्या नाहीत तर ती वस्ती शिवणकरकडे देतो," ते म्हणाले. "त्याच्याजवळ मोटारसायकल आहे. तुम्ही इथं बसून रजिस्टर लिहा. बाईमाणसाला बरं ते."

शिवणकर आमच्याच केंद्रातला आरोग्यसेवक, माणूस वाईट नव्हता. पण टेकडीवर तो मोटारसायकल खालीच लावून बायांना खाली बोलवी, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "पोचते." कशी पोचणार, ते मलाही माहीत नव्हतं.

समुद्रपूरच्या दुकानदाराने सायकल उलटी करून पाहिली. पायडलजवळच्या मोठ्या चकतीचे, म्हणजे चेनव्हीलचे दाते झिजून एका बाजूला वाकले होते. "नागपूरहून मागवा लागन," तो म्हणाला. "पंधरा दिवस धरून चाला." माझ्याजवळ दहा दिवस होते. म्हणून रविवारी सकाळी सहाला मी हिंगणघाटकडे निघाले. घरमालकीण म्हणाली, "एस्टीच्या टपावर टाक ना सायकल. काऊन जीव काढून राह्यली?" कंडक्टरने सायकल चढवायला नकार दिला होता, हे मी तिला सांगितलं नाही. चालवतच जायचं, असं मी त्याच वेळी ठरवलं होतं.

जामच्या चौकापर्यंत रस्ता अरुंद पण बरा. फेब्रुवारी होता, कापसाची शेवटची वेचणी. जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्यांमधून सांडलेल्या कापसाने दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. जामला नागपूर-हैदराबाद हमरस्ता लागतो आणि तिथून पुढे ट्रकांचं राज्य. चौकातल्या हॉटेलात तर्री-पोहे खाऊन घ्यावेत, पुढे हिंगणघाटपर्यंत धड काही मिळत नाही. बाकावर बसलेल्या दोन ट्रकवाल्यांपैकी एक मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम सर्कस में है क्या?" मी पोहे संपवले, चहा घेतला, मग त्यांच्या ट्रककडे बोट दाखवून म्हटलं, "भैया, मागच्या चाकात हवा कमी आहे." खरंच कमी होती. ते दोघे खाली वाकले आणि मी निघाले.

जामपुढे एका पुलाच्या चढावर चेन घसरली आणि गुडघा हँडलवर आपटला. सलवार फाटली, रक्त आलं. रस्त्याच्या कडेला बसून रुमाल बांधला. परत फिरले असते तर अर्ध्या तासात जामला असते. त्यापेक्षा हिंगणघाट दूर होतं. मी हिंगणघाटकडे गेले.

तिथे बाजारात सायकलींचं मोठं दुकान होतं. शेठजींनी माझा गुडघा पाहिला, मग सायकल पाहिली आणि गादीवरूनच म्हणाले, "अठ्ठेचाळीस दात्यांचं चेनव्हील आहे. तेच बसते."

"लहान मिळेल का? चढावर हलकं जायला हवं."

"लहान लेडीज सायकलले राह्यते. तुम्ही असं करा, ही सायकल आम्हाले द्या, लेडीज घेऊन जा. बास्केट लावून देतो."

"सायकल माझी ठीक आहे," मी म्हटलं. "चकती खराब आहे."

दुकानाबाहेरच्या पायरीवर उस्मानचाचा नावाचे म्हातारे मिस्त्री पंक्चर काढत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बेटी, चढाव केवढा? वजन काय असते सोबत?" कुणीतरी कामाचं विचारलं म्हणून मी सगळं सांगितलं, बर्फापासून सगुणाबाईंपर्यंत. त्यांनी चेन चिमटीत धरून पुढे ओढली. ती दात्यांपासून बोटभर सुटली.

"चेन बी लांबली. नवं चेनव्हील टाकून हीच चेन ठेवशीन, तर दोन महिन्यांत नवे दाते बी खाईन ते. मागच्या चाकाची लहान चकती, फ्रीव्हील, ते बी गेलं. तिन्ही संगच बदला लागते. आता दाते किती, ते तूच ठरव. दुकानात बसून नाई ठरत ते."

त्यांच्याकडे तासाने भाड्याने द्यायच्या सायकली होत्या. एकीला अठ्ठेचाळीसचं चेनव्हील, एकीला चव्वेचाळीसचं. त्यांनी दोन्ही काढल्या, दोन्हींच्या कॅरिअरला पाण्याची एकेक कॅन बांधली आणि मला वेणा नदीवर नेलं. पात्रातून काठावर येणारी बैलगाडीची वाट आहे, खडी आणि रेतीची. ज्यांना टेकडीचा सराव हवा त्यांनी तिथेच जावं.

अठ्ठेचाळीसवर मी अर्ध्यात पाय टेकला. पुन्हा गेले, पुन्हा तिथेच. चव्वेचाळीसवर पाय भराभर फिरू लागले, सायकल हळू चालली, पण थांबली नाही. वर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. उस्मानचाचांनी फक्त विचारलं, "आन सपाटीवर?"

"सपाटीवर जास्त पाय मारावे लागतील."

"लागतीन. उगाच लोभ नको. जे तिकडं भेटते, ते इकडून जाते."

मी पाच गावांचा विचार केला. तिकडे जायला मला सकाळी अर्धा तास आधी निघता आलं असतं. टेकडीवर बर्फाला उन्हाची घाई होती.

शेठजींनी शेवटचा प्रयत्न केला. "शेहेचाळीस घ्या, मधलं. दोन्हीकडं चालते."

"मधलं नको," मी म्हटलं. "चव्वेचाळीस द्या."

चेनव्हील, चेन, फ्रीव्हील. त्या काळी तेवढ्यात एक बऱ्यापैकी लुगडं आलं असतं. मी मनगटी घड्याळासाठी जमवलेले पैसे दिले. उस्मानचाचांनी हातोडीने पिन ठोकून जुनं चेनव्हील सोडवलं, नवं बसवलं. चार दाते कमी झाल्यामुळे चेन लांब पडत होती. तिच्यातली कड्यांची एक जोडी त्यांनी काढून टाकली. मग मला पाना देऊन मागच्या चाकाचे नट आवळायला लावले. "रस्त्यात मी नाई येनार," ते म्हणाले. येताना पुलाच्या त्याच चढावर मी मुद्दाम बसूनच जोर लावला. चेनने हूं की चूं केलं नाही. अंधाराच्या आधी समुद्रपूर.

बुधवार. सकाळी आठला केंद्रातून बर्फ घेतला, थर्मास गोणपाटात गुंडाळून कॅरिअरला बांधला. गिरडकडचा रस्ता सुरुवातीला डांबरी, मग मुरमाचा, मग नुसती वाट. पाणी सोबत ठेवा, शेवटच्या टप्प्यात विहीर नाही. सपाटीवर एक म्हातारा शेतकरी निवांत पायडल मारत मला मागे टाकून गेला आणि वळून बघून हसला. मीही हसले.

चढाला लागले तेव्हा ऊन चढलं होतं. पहिला किलोमीटर बसून काढला. गुडघ्याची जखम उकलली, ते ओलं लागत होतं. दुसऱ्या किलोमीटरवर समोरून सरपणाची गाडी आली, वाट एकच, मला उतरावं लागलं. खरी भीती तिथे होती, कारण उभ्या चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं मला कधी जमलं नव्हतं. पायडल वर घेतलं, अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. चाक रेतीत फिरलं, मग धरलं. मी पुन्हा चालू लागले. गाडीवाला मागून ओरडला, "हळू जाजो बाई." हळूच जात होते.

सगुणाबाई मोहाच्या झाडाखाली एकट्या बसल्या होत्या. मी थर्मास उघडून त्यांच्या कानाजवळ हलवला. आत बर्फाचे खडे वाजले. त्यांनी माझ्या गुडघ्याशी रक्ताने भिजलेल्या सलवारीकडे पाहिलं, उठल्या आणि घराघरातून हाका मारत सुटल्या. त्यांच्या भाषेत मारलेल्या त्या हाका मला कळल्या नाहीत, पण बाया आल्या. नऊ लेकरं.

शेवटचं लेकरू रडत असताना साहेब आले, पायी, घामाने भिजलेले. जीप दगडांमुळे खालीच राहिली होती. मागे शिवणकर. साहेबांनी थर्मास उघडून बोट घातलं, रजिस्टर पाहिलं, घड्याळ पाहिलं. अजून बारा वाजले नव्हते. काही सापडेना तेव्हा म्हणाले, "हा ड्रेस नियमात बसत नाही."

"साडी चेनमध्ये अडकते, साहेब. तुम्ही मला लेखी द्या, मी लेखी उत्तर देते."

सगुणाबाईंनी त्यांच्यासमोर उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली ठेवली आणि म्हणाल्या, "खा साहेब, थकले तुमी. पन एक आयका. आमी लेकरं या बाईच्याच हातात देतो. दुसरं कोनी आलं तं आमी कामाले जाऊ."

साहेबांनी एक शेंग सोलली, खाल्ली. खाली उतरताना शिवणकर मला हळूच म्हणाला, "बरं झालं. मले बी हा चढ नको होता." पत्र काही आलं नाही. वस्ती माझ्याकडेच राहिली, पुढची अकरा वर्षं.

आता तिथे पक्की सडक आहे, वरपर्यंत गाडी जाते. तरी जाणार असाल तर सायकलने जा, आणि चकती कुठली लावायची ते दुकानात ठरवू नका. मला हा प्रवास आठवतो तेव्हा चढापेक्षाही जास्त आठवते त्या बुधवारची संध्याकाळ. घरी पोचले, गुडघा धुतला, भाकर भाजली. घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "पोहोचली का मग वर?" मी हो म्हटलं. ती उंबऱ्यावर बसली. मग तिने विचारलं, "मले शिकवशीन का सायकल?" ती बावन्न वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी शाळेच्या मैदानावर गेलो.