घरचं भांडण तंबूत

तंजावुरात एकेकाळी कुजबुज होती, की वेंकूबाईनं नवऱ्याच्या काफीत काहीतरी कालवलं आणि त्याची लेखणीच आटली.

नवरा म्हणजे रघोजीराव, राजवाड्यामागच्या गल्लीतला, टॉकींचे संवाद लिहिणारा. राज्य इंग्रजांचं होतं, तमिळ चित्रं नुकती बोलायला लागली होती, आणि रावांनी लिहिलेली बायकांची भांडणं ऐकायला तिरुवैयारुहून गाड्या जुंपून लोक कुंभकोणमच्या तंबू-टॉकीत जात. संध्याकाळी दाराबाहेरच्या तिण्णैवर बसून राव चार जणांना धडे देत, "संवाद पोटातून यावा लागतो!" कुणाच्या पोटातून, ते सांगत नसत.

घरात वेंकूबाई आणि रावांची विधवा धाकटी बहीण राजम. दोघींचं एक क्षणही पटत नसे. आणि आपल्या तंजावुरी मराठी घरांचा जुना रिवाज असा, की भांडायचं ते मराठीत. भिंतीपलीकडच्या तमिळ कामाक्षीला कळायला नको. मग आवाज कितीही चढवा.

"वन्सं, सासरहून एक तांब्या आणलात, तोही गळका. जीभ तेवढी अख्खी आणलीत!"

"आणि वैनी, तुमच्या रसमात डाळ शोधायची तर कावेरीत उतरल्यासारखं कासोटा आवळूनच उतरावं लागतं!"

राव माजघरात बसून हे सगळं निमूटपणे तमिळमध्ये उतरवत.

मग त्यातलं एक चित्र तंजावुरातच आलं. तंबूत, बायकांच्या बाजूला, दोघी मोठ्या हौसेनं बसल्या. पडद्यावरच्या भावजयीनं विधवा नणंदेला गळका तांब्या सुनावला आणि अख्खा तंबू खिदळला. राजमनं पदर तोंडावर ओढला. सकाळी कामाक्षीनं भिंतीवरून विचारलंच, "काय ग राजम, तांब्या अजून गळतो?"

त्या दिवसापासून रावांसमोर घर गोड झालं. इकडे निर्माता शेषाद्री दारात येऊन बसलेला: पोंगलच्या आत नवं भांडण हवं, नाहीतर लेखक बदलतो.

राव काडी टाकून बघत. "अग, राजमनं तुझं रसम ओतून दिलं म्हणे."

"बरं केलं. मीठ जास्त झालं होतं."

"छे हो वैनी, बेताचंच होतं!" आतून राजम.

रावांनी उंबरा ओलांडला, की दोघी विहिरीपाशी पुन्हा एकमेकींच्या झिंज्यांपर्यंत येत. ते परतले, की दोघी तांदूळ निवडताना दिसत, आणि रावांकडे असं बघत, जसं ताटातल्या खड्याकडे बघावं.

शेवटी रावांनी डोकं खाजवून स्वतःच भांडण लिहिलं. शेषाद्रीनं दोन पानं वाचली. "राव, ह्या बायका भांडतायत की लग्नाची पत्रिका वाचतायत?" कागद तिण्णैवर टाकून तो कुंभकोणमच्या लेखकाकडे गेला, तो कायमचा.

काफीत काही नव्हतं. ती अफवा रघोजीरावांनी स्वतः उठवली होती, कारण त्यांना स्वतःचं एकही वाक्य लिहिता येत नव्हतं.